छत्रपती संभाजीनगरात नोकरीसाठी येताना : खोली ठरवण्याआधी वस्ती कशी निवडावी

मी मूळची परभणीची. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी मिळाली, तेव्हा रुजू होण्यासाठी हातात दहा दिवस होते आणि या शहराची माझी ओळख शाळेच्या वेरूळ सहलीपुरतीच होती. मामांच्या ओळखीने गारखेड्यात एक खोली ठरली. भाडे परवडणारे होते, घरमालकीण काकू मायाळू होत्या, आणि तरीही सात महिन्यांत मला ती खोली सोडावी लागली. दुसरी खोली तर चारच महिने टिकली. तिसऱ्या ठिकाणी आता चौथे वर्ष चालू आहे. पहिल्या दोन्ही वेळी मी भिंती, फरशी, खिडक्या नीट पाहिल्या होत्या. त्या खोलीपर्यंत पाणी कसे येते आणि तिथून कामावर कसे जायचे, हे मात्र पाहिले नव्हते.

जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड, धाराशिव अशा आपल्याच जिल्ह्यांतून दरवर्षी कितीतरी मुले-मुली पहिल्या नोकरीसाठी या शहरात येतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. भाड्याचा विचार बराच खाली आला आहे, कारण माझ्या अनुभवात स्वस्त खोलीचे वाचलेले पैसे टँकर आणि रिक्षा या दोघांनीच परत घेतले.

१. कामाचे ठिकाण शहराच्या कोणत्या टोकाला आहे, हे आधी पाहा

नेमणूकपत्रावर शहराचे नाव एकच असते, पण येथील औद्योगिक वसाहती परस्परांपासून फार लांब आहेत. पश्चिमेला पुणे-अहिल्यानगरच्या रस्त्यावर वाळूज आहे. १९८५ मध्ये तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांची वसाहत वाढत गेली. पूर्वेला जालना रस्त्यावर विमानतळाच्या आसपास चिकलठाणा, आणि त्याच रस्त्याने आणखी पुढे शेंद्रा. स्कोडाचा प्रकल्प शेंद्र्यात आहे आणि ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीचा एक भागही तेथेच आहे. ऑरिकचा दुसरा भाग बिडकीनला, म्हणजे दक्षिणेला पैठण रस्त्यावर आहे. रेल्वे स्थानकाजवळची जुनी वसाहत तेवढी शहराच्या पोटात आहे.

या सगळ्याला जोडणारा मुख्य धागा म्हणजे जालना रस्ता. पश्चिमेकडून पाहिले तर महावीर चौक, ज्याला सगळे अजूनही ‘बाबा’ म्हणतात, मग क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल, सिडको बसस्थानक, मुकुंदवाडी, चिकलठाणा आणि केंब्रिज चौक, असा हा क्रम आहे. तो पाठ करून ठेवा. पत्ता सांगताना कोणीही याच खुणांनी सांगतो. वाळूज आणि शेंद्रा ही या धाग्याची दोन टोके असून त्यांत तीसएक किलोमीटरचे अंतर आहे. वाळूजला नोकरी असताना मुकुंदवाडीत राहणे म्हणजे रोज सकाळी अख्खे शहर ओलांडून, वर छावणी आणि नगर नाक्याची गर्दी सोसून कामावर पोचणे होय. नकाशावर हे अंतर फार दिसत नाही. पाळी सुटण्याच्या वेळेला नगर नाक्यापासून ए. एस. क्लबपर्यंत ट्रक, कंपन्यांच्या बस आणि दुचाक्या यांची जी रांग लागते, ती एकदा तरी पाहून मगच निर्णय घ्या.

येथे एका गोष्टीचा विसर पडतो. पहिली नोकरी बहुतेकांची दोन-तीन वर्षांत बदलते, आणि वाळूजवाल्याला पुढची संधी शेंद्र्यात मिळणे अगदी स्वाभाविक आहे. ज्यांना असा बदल संभवतो असे वाटते, त्यांनी बीड बायपासच्या पट्ट्याचा विचार करावा. हा रस्ता पैठण रस्त्यावरील महानुभाव आश्रम चौकाकडून निघून शहराच्या दक्षिण बाजूने पूर्वेला जालना रस्त्याच्या दिशेने जातो. पैठण रस्त्यावरून लिंक रोडने वाळूजकडेही निघता येते. त्यामुळे शहराच्या मध्यात न शिरता दोन्ही टोके गाठता येतात. या सोयीची किंमत पाण्यात मोजावी लागते. ते पुढे येईलच.

कारखान्यात कंपनीची बस असेल, तर खोली पाहायला निघण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाकडून थांब्यांची यादी मागून घ्या. थांबा घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असावा, हा माझा नियम आहे. आणि बस तिन्ही पाळ्यांना आहे की फक्त दिवसा, हेही विचारा. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते, तेव्हा थांब्यावर उतरल्यावर शेअर रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नये.

२. पाण्याची चौकशी भाड्याच्या आधी करा

परभणीत आम्ही ‘नळ आला का’ असे विचारतो. येथे ‘पाणी कितव्या दिवशी येते’ असे विचारतात, आणि प्रत्येक वस्तीचे उत्तर निराळे असते.

कारण समजून घेतले तर पुढची चौकशी सोपी जाते. शहराचे पिण्याचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून येते. धरण गोदावरीवर आहे आणि शहर त्याहून उंचावर, चाळीस किलोमीटरहून अधिक अंतरावर. म्हणून सारे पाणी पंपांनी उचलून आणावे लागते. ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या जलवाहिन्यांवर हे शहर कित्येक दशके भागवत आले. मधल्या काळात वस्ती कितीतरी पटींनी वाढली. वाहिनी फुटली किंवा उपसा केंद्राची वीज काही तास गेली, की सगळ्या शहराचे वेळापत्रक एक-दोन दिवसांनी पुढे सरकते. २५०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीची मोठी योजना त्यासाठीच हाती घेण्यात आली. घर पाहताना योजनेच्या बातम्यांवर चर्चा करू नका. त्या गल्लीतल्या नळाला मागच्या वेळी पाणी कधी आले होते, त्याच्या मागच्या वेळी कधी, आणि किती वेळ टिकले, एवढेच विचारा. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून हे गाव वसवले आणि पुढे डोंगरातले पाणी भुयारी नहरीने गावात आणले. तशाच, पण नंतर बांधलेल्या दुसऱ्या नहरीचे पाणी पाहायला लोक तिकीट काढून पाणचक्कीला जातात आणि घरी येऊन टँकरवाल्याला फोन लावतात.

आता माझी चूक सांगते. गारखेड्याची खोली मी पाहिली त्या दिवशी नेमके पाणी आलेले होते. हौद भरलेला, गच्चीवरची टाकी वाहत होती, काकूंनी अंगण धुतले होते. ‘पाण्याचा काही त्रास नाही ना?’ असे मी विचारले आणि त्यांनी समोरच्या वाहत्या नळाकडे बोट दाखवले. त्या खोटे बोलल्या नाहीत. चार बिऱ्हाडांत मिळून एक हौद होता, आणि चौथ्या दिवशी बादलीने तळ गाठला. दुसऱ्या खोलीच्या वेळी मी शहाणी झाले होते, म्हणून बोअर असलेले घर निवडले. ते पाहिले नोव्हेंबरात. एप्रिलमध्ये बोअरला तासाभरात दोन बादल्या येऊ लागल्या आणि मग त्याही बंद झाल्या. मराठवाड्यात बोअरची परीक्षा दिवाळीनंतर होत नाही, ती अक्षय तृतीयेच्या सुमारास होते.

म्हणून घरमालकाला, आणि त्याच्याआधी शेजाऱ्याला, पुढील गोष्टी विचारा :

- नळाला पाणी कितव्या दिवशी आणि कोणत्या वेळी येते? मध्यरात्री येत असेल तर मोटार कोण लावते? तुमची तिसरी पाळी असेल त्या रात्री काय होईल?
- जमिनीखालचा हौद आहे का, किती लिटरचा, आणि किती बिऱ्हाडांत मिळून?
- बोअर असेल तर मागच्या मे महिन्यात त्याला पाणी होते का?
- टँकर मागवावा लागतो का? त्याचे पैसे भाड्यात धरलेले आहेत की वेगळे, आणि ते माणशी वाटतात की घरटी?
- पिण्यासाठी लोक नळाचे पाणी वापरतात की जार घेतात?

घरटी आणि माणशी हा फरक एकट्या माणसासाठी मोठा आहे. सहा जणांच्या कुटुंबाच्या बरोबरीने टँकरचा वाटा मी पूर्ण उन्हाळाभर दिला आहे.

घरमालकाच्या उत्तरावर समाधान झाले तरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारा. दुकानदाराला गल्लीतल्या पाण्याचा दिवस तोंडपाठ असतो, कारण त्या दिवशी सकाळी त्याच्याकडे गिऱ्हाईक नसते.

३. वस्त्यांची तोंडओळख करून घ्या

ही यादी पूर्ण नाही आणि निःपक्षपातीही नाही. नव्या माणसाला जी नावे हमखास ऐकू येतात, त्यांच्याविषयी माझे मत येथे देते.

सिडको-हडको. सत्तरच्या दशकापासून सिडकोने आखून वसवलेला हा भाग एन-१ पासून एन-१३ पर्यंतच्या विभागांत मोडतो. रस्ते आखीव आहेत, बागा आहेत, पत्ता सापडतो. फक्त ‘एन’ नंतरचा आकडा चुकला तर रिक्षा भलतीकडे जाते. एन-५ मधील कॅनॉट परिसर तरुण मंडळींचा अड्डा असल्यामुळे त्याच्या आसपासची भाडी चढी असतात. टीव्ही सेंटर आणि हडकोच्या बाजूला तुलनेने साधी, एकमजली-दुमजली घरे भाड्याने मिळतात. चिकलठाणा किंवा शेंद्र्याला जाणाऱ्यांना आणि जालना-परभणीकडे दर आठवड्याला घरी जाणाऱ्यांना हा भाग सोयीचा आहे, कारण तिकडच्या एसटी गाड्या सिडको बसस्थानकावर मिळतात.

गारखेडा, पुंडलिकनगर, जवाहर कॉलनी, त्रिमूर्ती चौक, उल्कानगरी. हा शहराचा मध्य-दक्षिण भाग. खाणावळी, अभ्यासिका, दवाखाने, भाजी, सगळे पायी अंतरावर आहे आणि मराठवाड्यातून आलेल्या लोकांची वस्ती इतकी दाट आहे की गावाकडच्या पाहुण्याचा पाहुणा दुसऱ्याच दिवशी भेटतो. उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठात वकिली सुरू करणाऱ्यांना, बँकेत किंवा रुग्णालयात काम करणाऱ्यांना हा पट्टा उत्तम आहे. वाळूजसाठी मात्र मी तो सुचवणार नाही.

सातारा-देवळाई आणि बीड बायपास. नवे फ्लॅट, मोकळी हवा, मागे डोंगर आणि तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त, हे येथील आकर्षण. हा भाग महापालिकेत उशिरा आला आणि बराच काळ टँकरवर राहिला, त्यामुळे येथे इमारतीगणिक पाण्याची स्थिती बदलते. शहर आणि हा भाग यांच्यामध्ये रेल्वेमार्ग आहे. तुमचा रोजचा रस्ता तो कोठे ओलांडतो, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाची यात्रा असते, त्या काळात देवळाच्या बाजूचे रस्ते गजबजतात.

बजाजनगर आणि वाळूजच्या आसपासची गावे. ‘तिकडे कारखान्यातले लोक राहतात’ असे नाक मुरडून सांगणारे पाहुणे तुम्हाला भेटतील. मी तिसऱ्या वेळी येथेच आले आणि टिकले. बजाजनगर हा औद्योगिक वसाहतीचाच निवासी भाग असून औद्योगिक महामंडळाची पाणी योजना स्वतंत्र आहे. रात्री पाळी सुटल्यावर रस्त्याला माणसांची वर्दळ असते, पहाटे पोह्यांची गाडी लागलेली असते, आणि घरमालकाला पाळी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. उणिवाही आहेत : धूर, अवजड वाहने, आणि शहरात नाटक किंवा व्याख्यानाला जायचे म्हटले तर अर्धी संध्याकाळ प्रवासात जाते. रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव, तीसगाव या शेजारच्या गावांत भाडी आणखी कमी आहेत, पण तेथे गल्लीनुसार सांडपाणी आणि रस्त्यांची अवस्था पाहूनच ठरवा.

उस्मानपुरा, समर्थनगर, बन्सीलालनगर, पदमपुरा. जुन्या, स्थिरावलेल्या वस्त्या. मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्थानक जवळ असल्याने सोय मोठी आहे, म्हणून खोल्या कमी निघतात आणि बहुतेक ओळखीतून जातात. येथे कोणी ओळखीचे असेल तर संधी सोडू नका. बन्सीलालनगर-पदमपुऱ्यातून वाळूजला निघाल्यास मधले शहर टळते. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते तेवढे दिवस पंचवटी चौकाकडील वाट टाळावी लागते.

गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज या जुन्या शहरातील भागांत माझे राहणे झालेले नाही. तेथे राहणारे मित्र गर्दीविषयी कुरकुर करतात, पण घर सोडत नाहीत.

शहरातील बऱ्याच वसाहती गुंठेवारीच्या आहेत, म्हणजे मंजूर आराखड्याशिवाय गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकून उभ्या राहिलेल्या. त्या नियमित करण्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. भाडेकरूला मालकीची चिंता नसली तरी परिणाम भोगावे लागतात : अरुंद गल्ली, उघडे गटार, पावसाळ्यात चिखल. अशा वसाहतीत घर घ्यायचेच असेल तर पावसाळ्यात एकदा दुचाकी दारापर्यंत नेऊन पाहा.

४. पहिले पंधरा दिवस कायमचे घर घेऊ नका

कॉटबेसिसची (फक्त एका खाटेपुरते भाडे असलेली) खोली, मुलींचे वसतिगृह, मित्राची खोली किंवा नातेवाइकाचे घर, यांपैकी काहीही चालेल. कामाचे खरे वेळापत्रक, बसचे थांबे आणि सहकारी कोठून येतात, हे पहिल्या दोन आठवड्यांतच कळते. नातेवाइकांकडे राहत असाल तर त्यांच्या सल्ल्याचा आदर करा, पण तो तपासून घ्या. मामांनी मला गारखेडा सुचवला, कारण त्यांचे कार्यालय तेथून जवळ होते. वाळूजला ते आयुष्यात दोनदा गेले होते.

कॉटबेसिसच्या ठिकाणी महिन्याचे पैसे आगाऊ द्या, त्याहून अधिक नको. तीन महिन्यांची रक्कम आधी भरल्यास सवलत, असे आमिष दाखवले जाते. सोडायची वेळ आली की ती रक्कम परत मिळत नाही.

५. पसंत पडलेली वस्ती तीन वेगवेगळ्या वेळी पाहा

एकदा तुमच्या पाळीच्या वेळी जा आणि घरापासून कामापर्यंतचे अंतर प्रत्यक्ष घड्याळ लावून मोजा. एकदा रात्री दहानंतर जा. दिवे कोठपर्यंत आहेत, शेवटची रिक्षा कोठे सोडते, मोकाट कुत्री कोणत्या वळणावर असतात, हे दिवसा कळत नाही. मुलींनी या फेरीला कोणाला तरी सोबत घ्यावे आणि थांब्यापासून दारापर्यंतचे अंतर पायी चालून पाहावे. तिसरी फेरी रविवारी दुपारी मारा. त्या वेळी लोक घरी असतात, बोलतात, आणि शेजारच्या मंगल कार्यालयाचा किंवा वर्कशॉपचा आवाजही ऐकू येतो.

खोलीत शिरल्यावर छताला हात लावता येत नाही, पण पश्चिमेच्या भिंतीला लावता येतो. दुपारी चारनंतर ती तापलेली असेल आणि खोली सर्वांत वरच्या मजल्यावर असेल, तर चाळिशीपार उन्हाळ्यात रात्री दोनपर्यंत झोप येणार नाही. कूलर लावू म्हणाल, तर कूलरला पाणी लागते. म्हणजे पुन्हा दुसऱ्या पायरीवर या. एक मजला खाली येण्यासाठी थोडे अधिक भाडे द्यावे लागले तरी मी ते देते.

६. घरमालकाशी बोलताना

‘बॅचलर चालणार नाहीत’ हे वाक्य पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा ऐकावे लागेल. आडनाव विचारले जाईल, गाव विचारले जाईल, मटण-मासे करता का हे विचारले जाईल, आणि काही वेळा आडनाव ऐकल्यावर खोली ‘कालच गेलेली’ असेल. हे चुकीचे आहे आणि ते होते. तेथे वाद घालण्यात शक्ती घालवू नका. कार्यालयातील सहकाऱ्यांच्या ओळखीने गेल्यास हे प्रश्न पुष्कळ कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या बाजूच्या अटी मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट करा. रात्री बारा वाजता पाळीवरून आल्यास फाटक उघडे मिळेल का, किल्ली स्वतंत्र मिळेल का, आई-वडील आठ दिवस राहायला आले तर चालेल का, हे आधी बोलून ठेवले की पुढे मन दुखावत नाही.

विजेच्या मीटरची गोष्ट थोडी समजून घ्यावी लागते. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात : पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त, आणि पुढे आणखी चढा. घरमालक आणि भाडेकरू मिळून एकच मीटर असेल, तर सर्वांचा वापर एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातो. मग सबमीटर लावून ‘युनिटला इतके रुपये’ असा जो ठोक दर सांगितला जातो, तो एकट्या माणसाच्या शे-सव्वाशे युनिटांना फार महाग पडतो. स्वतंत्र मीटर असलेली खोली शक्यतो निवडा. मीटर स्वतंत्र असल्यास देयकावरील बारा आकडी ग्राहक क्रमांक घ्या आणि महावितरणच्या ॲपवर मागची थकबाकी आहे का ते पाहा. आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या गळ्यात पडू नये.

७. पैसे, करार आणि कागदपत्रे

जाहिराती शोधताना शहराचे नवे आणि जुने (औरंगाबाद) अशी दोन्ही नावे टाकून पाहा. बरेच घरमालक आणि एजंट अजूनही जुन्या नावाने जाहिरात देतात. एजंटकडून गेल्यास त्याची दलाली किती, हे खोली पाहण्याआधी ठरवून घ्या. खोली प्रत्यक्ष न पाहता ‘टोकन’ म्हणून एक रुपयाही पाठवू नये. आपण बदली झालेले अधिकारी आहोत, किल्ली शेजाऱ्याकडे आहे, आधी थोडी रक्कम पाठवा म्हणजे प्रवेशाचा पास निघेल, असा फोन आला तर तो ठेवून द्या. माझ्या एका सहकाऱ्याचे साडेचार हजार रुपये असेच गेले.

करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. ‘नोटरी करून टाकू’ असे पुष्कळ घरमालक म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेत नाही. नोंदणी ऑनलाइन होते. आधार क्रमांक, बोटांचे ठसे आणि दोन साक्षीदार लागतात, आणि हे काम करून देणारे अधिकृत सेवा पुरवठादार घरीही येतात. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील मानीव (हिशेबापुरते धरलेले) व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असते. महिना ८,००० रुपये भाडे आणि १६,००० रुपये अनामत असेल, तर अकरा महिन्यांच्या करारासाठी ते दोन-तीनशे रुपयांच्या घरात जाते. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. हा खर्च कोणी करायचा, हे आपसात ठरते; निम्मा-निम्मा म्हटले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

करारात चार गोष्टी लिहिलेल्याच असाव्यात : अनामत किती दिवसांत परत मिळणार, सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना, पाणी आणि टँकरचा वाटा, आणि रंगरंगोटीचा खर्च कोणाचा. शेवटचा मुद्दा मी एकदा गाळला होता आणि एक महिन्याचे भाडे ‘रंगासाठी’ कापले गेले.

जवळ ठेवायची कागदपत्रे :

- आधार आणि पॅन, प्रत्येकी तीन प्रती
- नेमणूकपत्र किंवा कंपनीचे ओळखपत्र
- पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, सहा तरी
- मूळ गावचा पत्ता आणि तेथील एका व्यक्तीचा संपर्क
- घरमालकाच्या मालकीचा पुरावा म्हणून मालमत्ता कराची पावती किंवा वीज देयक. हे तुम्ही त्यांच्याकडून मागायचे आहे

भाडेकरूची माहिती घरमालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावयाची असते. ती दिल्याची प्रत मागून घ्या. गावाहून पत्ता बदलताना किंवा पारपत्र काढताना ती उपयोगी पडते. भाडे नेहमी खात्यावरून द्या. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणार असाल आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर जात असेल, तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. काही जण तो द्यायला नाखूश असतात, म्हणून ही गोष्ट करारापूर्वीच बोलावी.

८. किल्ली मिळाल्यानंतरचा पहिला आठवडा

सामान लावण्याआधी प्रत्येक भिंत, नळ, खिडकी आणि मीटरचा आकडा यांची छायाचित्रे काढून घरमालकाला पाठवा. त्यांना राग येत नाही. उलट पुढच्या भाडेकरूलाही ते असेच सांगू लागतात. गॅसची जोडणी होईपर्यंत पाच किलोचे लहान सिलिंडर ओळखपत्रावर मिळते, त्यावर एका माणसाचा स्वयंपाक निभतो. डबा लावायचा असेल तर आधी आठ दिवसांचे पैसे देऊन चव पाहा. मराठवाड्याच्या माणसाला तिसऱ्या दिवशीच गोड वरणाचा कंटाळा येतो, आणि येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, जवळ आली की त्या दिवशीच्या भज्जीची आठवण काढणारा एखादा लातूरकर शेजारी हवाच असतो.

आणि २०० लिटरचा निळा ड्रम घ्या. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात चौकशी करा, नव्यापेक्षा स्वस्तात मिळतो. आधी त्यात काय साठवलेले होते हे विक्रेत्याला विचारा, आतून वास घेऊन पाहा, रसायनाची शंका आली तर घेऊ नका, आणि तो ड्रम वापरण्याच्या पाण्यापुरताच ठेवा. निघण्यापूर्वी न्हाणीघराच्या दाराची रुंदी दोरीने मोजून न्या. मी मोजली नव्हती. माझा पहिला ड्रम गारखेड्यातल्या त्या काकूंच्या जिन्याखाली अजून उभा आहे, आणि त्या त्यात ज्वारी साठवतात.